राघू आधी बोलतो

रेवण बंडगरच्या तोंडून निघायची ओळ त्याच्या आधी एका प्लॅस्टिकच्या पोपटाने म्हणून टाकली, तेव्हा स्टुडिओतले सहाशे लोक एकदम हसले.

पहिली ओळ पोपटाने त्याला म्हणू दिली होती. कार्यक्रमाची तशी रीतच होती. पोरगं जरा रंगात येऊ द्यायचं आणि मग त्याला आपटायचं. रेवण तालात होता, पाय ठेका धरत होता.

'माळावरचा पोऱ्या मी, पाणी नाही पाऊस नाही...'

आणि दुसऱ्या ओळीसाठी त्याने श्वास घेतला, तोच परीक्षकांच्या टेबलावरचा हिरवा राघू मान वाकडी करून किनऱ्या आवाजात ओरडला, 'बोलायाला लागलो तर थांबायाची हौस नाही!'

ओळ रेवणचीच होती. कुठे लिहिलेली नव्हती, कुणाला सांगितलेली नव्हती, त्याच क्षणी मनात जुळलेली होती. आता ती म्हणावी तर पोपटाची नक्कल केल्यासारखं होणार आणि न म्हणावी तर तोंडात दुसरं काहीच नाही. ताल पुढे निघून गेला. रेवणने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि 'थ' वर अडकला. थ, थ, थ. प्रेक्षकांनी टाळ्यांचा ठेका धरला, 'पोपट झाला, पोपट झाला.'

मुख्य परीक्षक होता ठसका. आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्याने केव्हाच टाकून दिलं होतं. निळे केस, दोन्ही हातांत अंगठ्या. तो माइकमध्ये म्हणाला, 'अरे, थांबायची हौस नाही म्हणाला आणि थांबला की!'

'जिभेला हाड नाही' या कार्यक्रमाचा तो तिसरा मोसम. रॅपर होऊ पाहणारी पोरं गावोगावहून यायची आणि सगळ्या महाराष्ट्रासमोर त्यांची रेवडी उडवली जायची. तरी पोरं का यायची, असं विचारणाऱ्याला मी एवढंच सांगेन, की ज्याचं कुणी कधीच ऐकलेलं नसतं त्याला हसणारे चार कोटी लोकसुद्धा श्रोतेच वाटतात.

आता राघूची मेख काय, ते सांगायला हवं.

आपण मनात शब्द जुळवतो तेव्हा तो शब्द नुसता मेंदूत बसून राहत नाही. जीभ, जबडा, स्वरयंत्राभोवतीचे बारीक स्नायू त्या शब्दाची गुपचूप तालीम करतात. बाहेर काही दिसत नाही, आवाज तर नाहीच, पण त्या स्नायूंमधून विजेचे अगदी क्षीण संकेत निघतात. मिरजेकडच्या एका संशोधनगटाने हे संकेत टिपणारी पट्टी बनवली. आंब्याच्या पानाएवढी, कातडीच्या रंगाची, गळ्याला चिकटणारी. तंबाखूपायी ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं, त्यांना पुन्हा बोलता यावं म्हणून. माणसाने मनात बोलायचं आणि पट्टीला जोडलेल्या डबीने ते मोठ्याने म्हणायचं. पट्टीला दोन दिवस माणसाचं बोलणं ऐकवलं, की तिला त्याचे संकेत वाचता येत. शिवाय अर्धा संकेत मिळाला की उरलेलं वाक्य ती अंदाजाने पुरं करी.

हेतू चांगला होता. पण संशोधनाचा निधी आटला, एका करमणूक कंपनीने पट्टीचे हक्क घेतले आणि तिथल्या कुणा सुपीक डोक्याच्या लक्षात आलं, की ही पट्टी माणसाच्या सवा सेकंद आधी बोलते. रॅपच्या तालात सवा सेकंद म्हणजे तीन-चार मात्रा. स्पर्धकाच्या गळ्याला पट्टी आणि टेबलावर पोपट, एवढंच करायचं बाकी होतं.

इतरांचा पोपट व्हायचा तेव्हा ते चिडायचे, हसायचे, दुसऱ्या दिवशी विसरायचे. रेवणचं तसं नव्हतं. तो लहानपणापासून तोतरा होता. सांगोल्याजवळच्या कारंडेवाडीत दूध संकलन केंद्रावर तो फॅट तपासायचा, आणि ते काम त्याने धरलं होतं कारण तिथे आकडा यंत्र दाखवतं, माणसाला बोलावं लागत नाही. त्याची जीभ सुटायची ती फक्त तालात. ताल सुरू झाला की अडखळणं कुठे जायचं कोण जाणे. तोतऱ्या माणसाचं गाणं अडत नाही हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे. तालात बोलताना मेंदू वेगळ्या वाटेने जातो, असं ते म्हणतात. रेवणला मेंदूची वाट माहीत नव्हती. जगात आपल्याला नीट बोलता येण्याची एकच जागा आहे, एवढं त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धकांच्या वसतिगृहातल्या बाथरूममध्ये त्याने बादलीवर ठेका धरला आणि कालचीच ओळ म्हणायला घेतली. 'थ' वर अडकला. पुन्हा घेतली, पुन्हा तिथेच. मग दुसरी ओळ घेतली, जुनी, शंभरदा म्हटलेली. तीही तिसऱ्या शब्दाला अडली. ओळ तोंडात यायच्या आधी कान पोपटाची वाट बघत होते. रेवण ओल्या फरशीवर तसाच बसून राहिला. त्याला भीती वाटली, अशी भीती त्याला शाळेत उभं राहून धडा वाचतानाही वाटली नव्हती. ती एक जागाही गेली तर मग काहीच उरणार नव्हतं.

इकडे त्याच्या 'थ, थ, थ' वर लोकांनी संगीत चढवलं होतं आणि लग्नाच्या वरातीत ते वाजू लागलं होतं. प्रेक्षकांनी भरभरून मतं दिली. रेवण पहिल्या क्रमांकाने पुढच्या फेरीत गेला. पुढच्या रविवारी संध्याकाळी, थेट प्रक्षेपण.

त्याआधी सोमवारी निर्माता कैवल्य त्याला कॅन्टीनमध्ये भेटला. सोबत तस्नीम मुजावर होती. ती मूळच्या मिरजेच्या गटातली. पट्टी विकली गेली तेव्हा पट्टीबरोबर तीही इकडे आली होती. स्पर्धकांच्या गळ्याला पट्टी बसवणं आणि यंत्राकडे बघणं हे तिचं काम.

'रेवण, तू स्टार आहेस,' कैवल्य म्हणाला. 'लोकांना तू हवा आहेस. आता ऐक. तस्नीम, दाखव त्याला.'

तस्नीमने त्याच्या गळ्याला पट्टी लावली आणि एक काडेपेटीएवढी डबी खिशाला अडकवली. 'पोपट काढून टाकलाय. आवाज तुझाच घातलाय. मनात बोल आणि बघ,' ती म्हणाली.

रेवणने मनात म्हटलं आणि डबी म्हणाली, 'एक कटिंग द्या, साखर कमी.' कॅन्टीनवाल्याने मान हलवली आणि चहा भरायला घेतला. त्याने वर बघितलंसुद्धा नाही. रेवण तेवीस वर्षांचा होता आणि त्याच्या तोंडाकडे न बघता कुणी त्याचं ऐकल्याची ही पहिलीच वेळ होती.

'ही तुझी,' कैवल्य म्हणाला. 'कायमची. अजून बाजारात यायची आहे. तू तिचा चेहरा व्हायचं. अट एकच, मोसम संपेपर्यंत राघूसमोर उभं राहायचं. पट्टी मध्येच काढलीस तर स्पर्धेतूनही बाहेर आणि ही डबीही परत.'

आहे की नाही गंमत? दिवसभर जी पट्टी जीभ देणार, तीच रविवारी जीभ हिसकावून घेणार. रेवणने मान डोलावली. कुणीही डोलावली असती.

त्याच दुपारी त्याने डबीवरून घरी फोन लावला. आजवर फोन म्हणजे त्याला शिक्षा होती. 'हॅलो' नंतरची शांतता ऐकून लोक फोन ठेवून द्यायचे.

'आई, मी रेवण बोलतोय,' डबी म्हणाली.

पलीकडून त्याच्या आईने, सुंदराबाईंनी विचारलं, 'रेवण? तूच हायस न्हवं?'

'मीच आहे. जेवलीस का?'

'अगं बया. किती ग्वाड बोलतुयास रं.' त्यांनी नवऱ्याला हाक मारली. 'आवं, ऐकलं का, आपला रेवण बोलतुय. न अडखळता बोलतुय. देवा बिरोबा, पावलास रं बाबा.'

रेवणने बाहीने डोळे टिपले. आई, मला इथं नको वाटतंय, मला यायचंय, असं त्याच्या मनात आलं. 'आई, मला इथं' एवढे संकेत गळ्यात उमटले आणि उरलेलं पट्टीने पुरं केलं. 'आई, मला इथं खूप छान वाटतंय. तू काळजी करू नकोस.'

सुंदराबाई आनंदाने रडल्या. रेवणने फोन ठेवला.

'ती अंदाज करते,' विचारल्यावर तस्नीम म्हणाली. ती नजर चुकवत होती. 'अशा ठिकाणी बहुतेक माणसं जे बोलतात ते घालते. हळूहळू शिकेल.' मग म्हणाली, 'किंवा तू शिकशील. तिच्यासारखं बोलायला.'

गुरुवारी सकाळी धुळाप्पा बंडगर वसतिगृहाच्या फाटकाशी उभे होते. डोक्याला पटका, खांद्यावर टॉवेल, हातात भाकरीचं गाठोडं. पहाटेच्या एसटीने आले होते. रेवण त्यांना कॅन्टीनच्या कोपऱ्यात घेऊन बसला. तस्नीम शेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्याच्या पट्टीचे आकडे तपासत होती.

बापलेक पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. घरी असते तरी बोलले नसते. रेवणचं तोतरेपण आलं होतं ते धुळाप्पांकडूनच, आणि दोन तोतरी माणसं एका घरात असली की शब्द जपून वापरले जातात.

'तु... तुझी आई खूश हाय,' शेवटी धुळाप्पा म्हणाले. 'सा... साऱ्या गल्लीला सांगत सुटलीया.' त्यांनी गाठोडं बाजूला सारलं. 'म... म... मला न्हाय पटलं. त्यात तू कु... कुठं हुतास?'

रेवणने उत्तर द्यायला डबीकडे हात नेला, मग मागे घेतला. धुळाप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, दोघांच्या मध्ये टेबलावर पसरला आणि त्याखाली रेवणचा हात धरला. रेवणला हसू आलं. लहानपणी बापाने समजूत काढायची ती अशीच.

धुळाप्पा जनावरांच्या बाजारातले दलाल. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात खिलार खोंडाचा सौदा ठरतो तो तोंडाने नाही, टॉवेलाखाली. घेणारा आणि देणारा हातात हात घालतात, वरून टॉवेल टाकतात आणि बोटं धरून, पेरं दाबून भाव करतात. भोवती गर्दी असते. आकडा गर्दीला कळता कामा नये. म्हणून हात खरं बोलत असतात तेव्हा तोंडाने भलतंच चालू ठेवायचं. ज्याची बोटं आणि तोंड एकमेकांना सामील झाली, तो दलाल बुडाला. धुळाप्पांचं बाकीच्या वेळी वाक्य निघत नसे, पण बाजारातली ती पाठ झालेली बडबड मात्र जिभेवरून घरंगळत येई. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा दलाल नव्हता.

'दात बघा, दात,' धुळाप्पा सुरू झाले. टॉवेलाखाली त्यांनी रेवणचं तर्जनीचं मधलं पेर दाबलं. याचा अर्थ घरच्या भाषेत, घरी यायचंय?

रेवणच्या तोंडून आपसूक जुनं उत्तर निघालं, तेही अडखळल्याशिवाय. 'परवडत न्हाय, पाव्हणं. उन्हातान्हात आणलंय.' आणि टॉवेलाखाली त्याने बापाचा अंगठा घट्ट धरला. याचा अर्थ होता, यायचंय, पण असं हरून नाही.

'वशिंड बघा.'

'चार दाती हाय, लबाडी न्हाय.'

'अरे, थांबा,' तस्नीम उठून आली. तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे फिरवला. पडद्यावर नुसती बैलांची बडबड उमटली होती. 'आत्ता तुम्ही दोघं हाताने काहीतरी ठरवत होता ना? काय ठरवत होता?'

रेवणने डबी चालू केली. त्याने मनात खरं उत्तर जुळवायच्या आत डबी म्हणाली, 'शिंगं साळून वय लपत न्हाय.' गळ्यात अजून तीच बडबड घोळत होती.

तस्नीम मटकन खाली बसली आणि हसायला लागली. बऱ्याच दिवसांनी हसत असावी, कारण तिला थांबता येईना. मग तिने समजावून सांगितलं. पट्टी बनवताना सगळे एक गोष्ट धरून चालले होते, की माणूस मनात बोलतो ते एका वेळी एकच, आणि ते गळ्यातून जातं. बहुतेकांचं तसंच असतं. पण मणी सरकवून हिशेब शिकलेली मुलं मनातल्या मनात बेरीज करतात तेव्हा त्यांचा गळा गप्प असतो, मेंदूतला बोटांचा भाग जागा असतो. 'तुमचं त्याच्याही पुढचं आहे. बोटं एक बोलतात, गळा दुसरं. पट्टीला बोटं दिसत नाहीत. आमच्यापैकी कुणी कधी बैलबाजारात गेलंच नव्हतं.'

रेवण तिच्याकडे बघत राहिला. मग टॉवेलाकडे.

पुढचे अडीच दिवस त्याने दुसरं काही केलं नाही. ओळ गळ्यात घोळवायचीच नाही. ओळीचे शब्द पेरांवर ठेवायचे, चार बोटांची बारा पेरं, एका पेरावर शब्दांचा एक घास. अंगठा फिरत जाईल तसं एकेक पेर दाबायचं आणि दाबलं की शब्द तोंडातून थेट बाहेर. मधल्या वेळात गळ्याला चाळवत ठेवायचं बाजारातल्या बडबडीवर. पहिल्या दिवशी त्याने रॅपमध्ये बैलाचे दात मोजले आणि सौद्यात यमक जुळवलं. धुळाप्पा समोर बसून मान हलवत, चुकला की गुडघ्यावर टपली मारत. शनिवारी दुपारी एकदाची गाडी रुळावर आली. अंगठा पेरांवर फिरला आणि चार ओळी न अडता बाहेर पडल्या. कानांना पोपटाची वाट बघायला फुरसतच मिळाली नव्हती. रेवणने ताबडतोब पुन्हा म्हणून बघितल्या, आणि पुन्हा. मग त्याने तोंड फिरवून डोळे पुसले.

'कैवल्य सरांना सांगाल?' त्याने तस्नीमला विचारलं. डबीने नाही, स्वतःच्या तोंडाने. वाक्याला बराच वेळ लागला. तिने तो लागू दिला.

'माझं काम पट्टी गळ्याला नीट बसवणं,' तस्नीम म्हणाली. 'ती नीट बसली आहे. बोटांबद्दल मला कुणी काही विचारलेलं नाही.'

रविवारी संध्याकाळी रेवण मंचावर आला तो खांद्यावरून हातावर टॉवेल सोडून. ठसकाने सोडलं नाही. 'काय रे, आंघोळीला आलास का? पाणी सोडू?'

लोक हसले. ताल सुरू झाला. पहिल्या ओळीपुरता राघू नेहमीप्रमाणे गप्प होता. टॉवेलाखाली अंगठा पहिल्या पेरावर गेला.

'नाव माझं रेवण, गाव माझं माळावर...'

राघूने मान वाकडी केली. सहाशे माणसं आधीच हसायच्या तयारीत होती.

'दात बघा, दात! चार दाती हाय!' राघू ओरडला.

सभागृहात क्षणभर कुणाला काही कळेना. रेवणला कळत होतं. त्याने दुसरं पेर दाबलं.

'सांगाया मी गेलो की शब्द अडे टाळ्यावर!
कंडक्टर म्हणे, कुठलं तिकीट? गाव ओठी येईना,
पुढच्या गावचं फाडलं त्यानं, माझं वाक्य होईना.'

'परवडत न्हाय, पाव्हणं! उन्हातान्हात आणलंय!' राघू म्हणाला.

आता हसू फुटलं, पण ते पोपटाला. मागच्या रांगांतून कुणीतरी शिट्टी मारली. ठसकाने राघूच्या डोक्यावर टपली मारली आणि माइकमध्ये काही बोलायला तो पुढे झुकला. त्याच्या निळ्या केसांवर दिवा पडला.

'शिंगं रंगवून वय लपत न्हाय!' राघूने जाहीर केलं.

सभागृह कोसळलं. बाजारातल्या बडबडीत 'साळून', म्हणजे तासून, होतं, 'रंगवून' पट्टीने स्वतःच्या अंदाजाने घातलं की रेवणच्या गळ्यानेच आयत्या वेळी बदललं, हे तस्नीमला नंतर आकडे बघूनही सांगता आलं नाही. रेवण थांबला नाही.

'गुरुजी म्हणले, बस खाली, उत्तर होतं पाठ मला,
पहिल्या अक्षराच्या दारी बघाया लागे वाट मला.
ज्याला त्याला घाई सारी, माझ्या तोंडचं घ्यायाची,
मला हाय सवड राजा, पुरतं बोलून जायाची.'

एकही शब्द अडला नाही. शेवटचं पेर सुटलं तेव्हा रेवणच्या अंगातून काहीतरी जड निघून गेल्यासारखं झालं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, पण तो टाळ्या ऐकत नव्हता. जागा शाबूत होती. ती त्याचीच होती.

कैवल्यच्या डोक्यात मात्र दुसरं चाललं होतं. त्याने ठसकाच्या कानातल्या यंत्रातून हुकूम सोडला. ठसकाने हात वर केला आणि ताल बंद पडला.

'वा, रेवण. आता गाणं नको. साधं बोल आमच्याशी. कसं वाटतंय?'

तालाशिवाय, थेट प्रक्षेपणात. बाजारातली बडबडही आता उपयोगाची नव्हती, कारण प्रश्न खरा होता आणि उत्तर गळ्यात यायला लागलं होतं. 'मला' एवढंच उमटलं आणि राघू किंचाळला, 'मला खूप छान वाटतंय! सगळ्यांचे आभार!'

असं रेवणला म्हणायचं नव्हतं. आईला फोनवर हेच सांगितलं गेलं होतं. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला, मान वर केली आणि गळ्यावरची पट्टी ओढून काढली. ती निघाल्याचा आवाज माइकमधून सगळीकडे गेला. कायमची जीभ मिळणार होती ती त्याने टेबलावर राघूच्या पायाशी ठेवली.

'थ,' तो म्हणाला. 'थ... थ...'

डाव्या बाजूला कुणीतरी खुसखुसलं. रेवणने तिकडे बघितलं आणि घाई केली नाही. कारंडेवाडीहून आलेला बाप पहिल्या रांगेत बसला होता, तोही घाई करत नव्हता.

'थ... थांबा. मी... ब... ब... बोलतोय.'

दूरचित्रवाणीवर वीस सेकंद म्हणजे फार मोठा काळ. त्या वीस सेकंदांत जाहिरात लावायचं कुणाला सुचलं नाही. खुसखुसणारा गप्प झाला. ठसकाने विनोद करायला तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं. लोक थांबले. मग रेवण बोलला, तीन-चार वाक्यं, अडखळत, आणि सगळ्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. नियमाप्रमाणे तो स्पर्धेतून बाद झाला. नियम वाचून दाखवताना कैवल्यच्या माणसाचाच आवाज जरा अडखळला.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्यानंतरच्या आठवड्यांत स्पर्धक नाना युक्त्या करून येऊ लागले. कुणी गळ्यात पाढे म्हणे, कुणी आरती. राघू थेट प्रक्षेपणात 'बे दुणे चार' म्हणू लागला आणि लोकांना कंटाळा आला. मोसम अर्ध्यात गुंडाळला गेला, कंपनीने पट्टीचे हक्क मोकळे केले. तस्नीम मिरजेला परतली. तिने पट्टीत एक बदल केला, माणसाने बोटाने एक बटण दाबल्याशिवाय डबी काही बोलत नाही आणि वाक्य आपणहून पुरं करत नाही. स्वरयंत्र गमावलेली माणसं आता तीच वापरतात. जरा सावकाश बोलतात, पण स्वतःचं बोलतात.

रेवण मात्र त्या रविवारनंतर लगेच दुसऱ्या दिवशी घरी पोचला होता. एसटीत बापलेक खिडकीबाहेर बघत बसले होते. सांगोला येईपर्यंत रेवणने मांडीवर ठेका धरून दोन नव्या ओळी जुळवल्या आणि एकदाही अडला नाही. धुळाप्पा झोपल्याचं सोंग करून ऐकत होते.

घरी सुंदराबाई भाकरी थापत होत्या. रेवण चुलीजवळ पाटावर बसला. त्यांनी त्याच्या पाठीवरून पिठाचा हात फिरवला.

'त्या दिशी फोनवर किती ग्वाड बोललास रं,' त्या म्हणाल्या. 'ते यंत्र न्हाय दिलं त्यांनी परत? मिळंल का पुन्यांदा?'

'आई,' रेवण म्हणाला. 'त... त...'

'तहान लागली? पाणी देऊ?'

त्याने मान हलवली. 'त... त...'

'तिखट हवं का? तांब्या?' त्यांच्या तोंडाला ती सवयच होती. पोराचा शब्द अडला की मायेने पुढचा आपण पुरवायचा, त्याच्या लहानपणापासून त्या तेच करत आल्या होत्या. मग त्यांनी रेवणच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या काही बोलायला गेल्या आणि पिठाचा हात स्वतःच्याच तोंडावर धरून गप्प राहिल्या.

रेवणला वेळ लागला. तव्यावरची भाकरी फुगली, बसली, कडेने काळी पडायला लागली. सुंदराबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही.

'त्या... त्या दिशी फ... फोनवर,' रेवण म्हणाला, 'मला र... रडू येत हुतं.'

सुंदराबाईंचे डोळे भरले. त्यांनी तवा उतरवला, चुलीतलं जळण मागे ओढलं आणि त्याच्यासमोर पाट घेऊन बसल्या.

'सांग,' त्या म्हणाल्या.